बुरशीच्या गंभीर रोगांचें निदान

पावसाळ्याच्या दिवसांत कपाटांतील चामड्याच्या जोड्यावर हिरवट लव चढलेली, बरणींतील लोणच्यावर पांढरा पापुद्रा आलेला, किंवा डब्यांत विसरून राहिलेल्या पावाच्या तुकड्यावर काळ्या ठिपक्यांचें जाळें पसरलेलें आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलें असेल. गृहिणी तो तुकडा उचलून टाकते, डबा ऊन पाण्यानें धुते, आणि विषय तेथेंच संपतो. परंतु त्याच कुळांतील एखादी बुरशी माणसाच्या नाकांत, फुप्फुसांत, रक्तांत किंवा मेंदूच्या आवरणांत शिरली, तर विषय इतक्या सहजासहजीं संपत नाहीं. ती तेथें आहे कीं नाहीं, असल्यास कोणत्या जातीची, आणि तिच्यावर कोणतें औषध चालेल, हें ठरविण्याचें काम रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत होतें. या कामांत माझीं बरींच वर्षें गेलीं आहेत. तें काम कसें चालतें आणि त्यांत घरच्या माणसांचाहि हातभार कसा लागूं शकतो, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, बुरशी ही आपली नित्याची शेजारीण आहे. शास्त्रज्ञांनीं आजवर बुरशीच्या सुमारें दीड लाख जातींचें वर्णन केलें आहे. त्यांपैकीं माणसाला आजारी पाडणाऱ्या जाती कांहीं शेंच आहेत. पाव फुगविणारें यीस्ट ही बुरशीच, आणि पेनिसिलिन देणारी तीहि बुरशीच. हवेंत तिचे बीजाणु सदैव तरंगत असतात. हें भाषण ऐकतांनाहि आपण ते श्वासाबरोबर आंत घेत आहां. तरीहि आपण आजारी पडत नाहीं, याचीं मुख्य कारणें दोन. एक, आपल्या शरीराची ३७ अंशांची ऊब बहुतेक बुरशींना मानवत नाहीं. आणि दुसरें, रक्तांतील पांढऱ्या पेशी आंत आलेल्या बीजाणूंचा समाचार घेतात. ही पहाऱ्याची व्यवस्था ढिली पडली म्हणजे मात्र शेजारीण घरांत शिरते. मधुमेह हाताबाहेर गेलेला रोगी, कर्करोगावरील औषधांनीं पांढऱ्या पेशी घटलेला रोगी, दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेला रोगी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा, एच. आय. व्ही. नें प्रतिकारशक्ति खचलेला, अतिदक्षता विभागांत अंगांत नळ्या घालून पडलेला, किंवा अपुऱ्या दिवसांचें अर्भक, या सर्वांना हा धोका विशेष असतो.

अशा रोग्याचें निदान करतांना दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली ही कीं, बुरशीला स्वतःचें असें वेगळें लक्षण नसतें. ताप येतो, तो इतर जंतूंनींहि येतो. खोकला येतो, तो क्षयानेंहि येतो. डोकें दुखतें, तें शंभर कारणांनीं दुखतें. दुसरी अडचण औषधाची. नेहमींच्या जंतुनाशक गोळ्यांनीं बुरशीचें कांहींहि बिघडत नाहीं. बुरशीवरील औषधें मोजकीं. त्यांतील कांहीं मूत्रपिंडाला जाचक. आणि एका बुरशीवर रामबाण ठरणारें औषध दुसरीवर पाण्यासारखें. तेव्हां नुसता अंदाज बांधून औषध देत राहणें हें येथें फारच महाग पडतें.

या विद्येशीं मुंबईचा संबंध जुना आहे. १८५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शरीररचनेवरील विख्यात ग्रंथांतील चित्रें काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे पुढें मुंबईस आले व ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवूं लागले. अनवाणी शेतांत राबणाऱ्यांच्या पायाला कांटा लागतो, पुढें तो पाय सुजून वेडावांकडा होतो, त्याला छिद्रें पडतात व त्यांतून खसखशीसारखे कण बाहेर येतात. 'मदुरा पाय' या नांवानें ओळखला जाणारा हा रोग कार्टर यांनीं बारकाईनें अभ्यासला, त्या कणांत बुरशीचे तंतु पाहिले, रोगाला 'मायसेटोमा' हें नांव दिलें, आणि १८७४ सालीं त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें असें आढळून आलें कीं, यांतील बरेच पाय बुरशीनें नव्हे, तर तंतूंसारख्या वाढणाऱ्या एका वेगळ्याच जंतुवर्गानें सुजलेले असतात. काळे कण बहुधा बुरशीचे. पांढरे किंवा पिवळे असल्यास दोहोंपैकीं कोणाचेहि. बाहेरून पाय तोच दिसतो. पण एका प्रकारांत जंतुनाशकें चालतात, दुसऱ्यांत चालत नाहींत. तो कण चिरडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याशिवाय ही निवड करतां येत नाहीं. आज मी जें सांगणार आहें त्याचें सार या एका उदाहरणांत आलें आहे.

आतां अलीकडील काळाकडे येऊं. २०२१ च्या उन्हाळ्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ 'म्यूकरमायकोसिस' हा रोग आपल्या देशांत अशा प्रमाणावर उसळला कीं, मे महिन्यांत केंद्र सरकारनें १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं त्याची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितलें. जुलैपर्यंत देशांत ४५,००० हून अधिक रोगी नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात हे पुढें होते. वर्तमानपत्रांनीं त्याला 'काळी बुरशी' म्हटलें. वस्तुतः ती बुरशी पेशीजालांत काळी नसते. तिचे तंतु जवळजवळ रंगहीन असतात. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्ताचा पुरवठा तोडते, आणि मेलेलें मांस काळें पडतें. म्हणजे काळा रंग दिसला तेव्हां बुरशीचें निम्में काम झालेलें असतें. ती त्याच्या अगोदर पकडली पाहिजे.

त्या दिवसांतील एक प्रसंग माझ्या मनांतून जात नाहीं. पन्नाशीच्या एक बाई, मधुमेही, नुकत्याच कोरोनांतून उठलेल्या. गाल दुखूं लागला, वरचे दांत हलूं लागले, नाकांतून काळपट स्राव येऊं लागला. शस्त्रवैद्यांनीं नाकाच्या पोकळींतील तुकडे काढले. कामाच्या गर्दींत कोणीतरी ते सर्वच्या सर्व एकाच बाटलींत, फॉर्मॅलिनमध्यें घालून माझ्याकडे पाठविले. फॉर्मॅलिनमध्यें पेशीजाल टिकतें, पण बुरशी मरते. मेलेली बुरशी वाढवून तिची जात ओळखतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कांचपट्टीवर मला तंतु दिसले, पण थोडे, तुटके आणि मुडपलेले. "बुरशी आहे, जात निश्चित सांगतां येत नाहीं," असें मीं लिहिलें, आणि तें खरेंच होतें. म्यूकरवरील औषधाचा त्या वेळीं तुटवडा होता, बाईंचीं मूत्रपिंडेंहि दुबळीं होतीं. म्हणून त्यांना दुसऱ्या एका बुरशीवर चालणारें औषध सुरू झालें. दोन दिवसांनीं दुसरा तुकडा ताजा, मिठाच्या पाण्यांत आला. अर्ध्या तासाच्या आंत उत्तर मिळालें: म्यूकरच. औषध बदललें, बाई वांचल्या. पण उजवा डोळा काढावा लागला. त्या दोन दिवसांत डोळा वांचला असता असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. पण तो तुकडा पहिल्याच दिवशीं दोन बाटल्यांत आला असता तर, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

त्या अर्ध्या तासांत मीं काय केलें, तें सांगतों. ताज्या तुकड्याचा कण कांचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणाचा थेंब टाकावयाचा व वर पातळ कांच ठेवावयाची. हा क्षार माणसाच्या पेशी विरघळवून पारदर्शक करतो; बुरशीच्या भिंती मात्र कायटिन नांवाच्या चिवट द्रव्याच्या असल्यामुळें शाबूत राहतात. किड्यांचें कवच ज्या द्रव्याचें असतें तेंच हें. मग सूक्ष्मदर्शकांत पाहिलें म्हणजे ओसरलेल्या पुरांतून झाडाच्या फांद्या वर याव्यात तसे तंतु नजरेस पडतात. या द्रावणाला खर्च कांहीं आण्यांचा म्हणावा इतका थोडा, आणि वेळ मिनिटांचा. त्यांत कॅल्कोफ्लुअर नांवाचा एक रंग मिसळला तर अतिनील प्रकाशांत हेच तंतु निळसर तेजानें चमकतात. हा रंग मूळचा कापडधंद्यांतला. कपडे अधिक शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरींत जीं चकाकी देणारीं द्रव्यें घालतात, त्यांच्याच जातीचा तो आहे. धोब्याच्या कामाची वस्तु रोगनिदानाच्या कामीं आली ती अशी.

तंतु दिसले म्हणजे पुढचा प्रश्न त्यांच्या रूपाचा. म्यूकर वर्गाचे तंतु रुंद, साधारण ६ ते १५ सहस्रांश मिलिमीटर, रिबिनीसारखे चपटे व मुडपलेले. त्यांना आडवे पडदे क्वचितच असतात, आणि फांदी बहुधा काटकोनांत फुटते. ॲस्परजिलस नांवाची दुसरी प्रमुख बुरशी फुप्फुसांत व नाकांत शिरते. तिचे तंतु अरुंद, ३ ते ५ सहस्रांश मिलिमीटर, सर्वत्र सारख्या जाडीचे. मधून मधून पडदे, आणि फांदी इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणें लघुकोनांत. हा भेद पुस्तकी वाटेल. पण त्यावर औषध ठरतें. व्होरिकोनॅझोल हें ॲस्परजिलसवरील उत्तम औषध म्यूकरवर चालत नाहीं. तेथें ॲम्फोटेरिसिन द्यावें लागतें, आणि मेलेलें मांस शस्त्रक्रियेनें काढावें लागतें. त्या बाईंच्या डोळ्याचा प्रश्न या एका कोनावर अडला होता.

याच तुकड्याचा दुसरा भाग फॉर्मॅलिनमध्यें जातो तो याकरितां कीं, त्याचे मेणांत बसवून अतिशय पातळ काप घेतां येतात. एका रंगानें बुरशीच्या भिंती किरमिजी दिसतात; चांदीच्या क्षारानें रंगविल्यास हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्या. याला एक-दोन दिवस लागतात, पण त्याची साक्ष फार मोलाची असते. बुरशी पृष्ठभागावर नुसती बसली आहे, कीं जिवंत पेशीजालांत आणि रक्तवाहिनींत घुसली आहे, हें या कापांतच दिसतें. नुसती असणें आणि घुसणें यांत पाहुणा आणि दरोडेखोर यांच्याइतकें अंतर आहे.

दुसरी पद्धत बुरशी वाढविण्याची. यासाठीं जें खाद्य वापरतात तें पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबूरो यांच्या नांवानें ओळखलें जातें. त्यांत साखर व प्रथिनांचा अंश असतो, चव किंचित् आंबट असते, आणि तें घट्ट करण्याकरितां समुद्रशेवाळापासून काढलेलें अगर घालतात. हें अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील चायना ग्रास. तें प्रयोगशाळेंत आलें तेंहि एका गृहिणीमुळें. १८८१ च्या सुमारास जर्मनींत रॉबर्ट कॉख यांचे सहकारी वाल्टर हेस यांचें जिलेटिन उन्हाळ्यांत वितळून प्रयोग फुकट जात असत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनीं, आपण गोड पदार्थ घट्ट करण्याकरितां अगर वापरतों तेंच वापरून पाहा, असें सुचविलें. तेव्हांपासून जगांतील प्रयोगशाळा या सल्ल्यावर चालल्या आहेत.

या खाद्यावर बुरशी उगवण्यास लागणारा काळ जातीप्रमाणें निराळा. म्यूकर दोन-तीन दिवसांत पिंजलेल्या कापसाप्रमाणें सारी बशी भरून झांकणाला टेकते. हिस्टोप्लाझ्मासारखी बुरशी मात्र चार-सहा आठवडे वाट पाहावयास लावते. वाढलेल्या बुरशीचा कण निळ्या रंगांत बुडवून पाहिला म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, त्यांचे देंठ व मुळें यांवरून जात ओळखतां येते. येथें एक बारकावा सांगण्यासारखा आहे. इतर रोगांत पेशीजालाचा तुकडा खलांत घोटून खाद्यावर लावतात. म्यूकरचा तुकडा मात्र घोटूं नये. तिच्या लांब, बिनपडद्याच्या नळ्या घोटण्यानें फुटतात व ती मरते. तो चाकूनें बारीक चिरून लावावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखालीं भरपूर तंतु दिसावेत आणि बशींत कांहींच उगवूं नये, या प्रकारामागें पुष्कळदां एवढेंच कारण असतें.

उलट प्रकारहि घडतो. हवेंतील बीजाणु बशींत पडून भलतीच बुरशी उगवते. खोकणाऱ्या माणसाच्या बेडक्यांत ॲस्परजिलस निघाली म्हणून तो तिनेंच आजारी आहे असें ठरत नाहीं. यासाठीं बशींत काय उगवलें, कांचपट्टीवर काय दिसलें आणि रोग्याची अवस्था काय, या तीन साक्षी जुळवून पाहाव्या लागतात.

आतां रक्तांत शिरणाऱ्या बुरशीविषयीं. कॅंडिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडांत व आंतड्यांतहि राहते. पण अतिदक्षता विभागांतील रोग्याच्या शिरेंत घातलेल्या नळीवाटे, किंवा दुखावलेल्या आंतड्यांतून ती रक्तांत उतरली, तर प्राणावर बेतते. तिच्यासाठीं रक्त खाद्याच्या बाटल्यांत घालून यंत्रांत ठेवतात. बुरशी वाढूं लागली कीं तिनें सोडलेला कर्बद्विप्राणिद वायु यंत्राला कळतो. यासाठीं प्रौढ माणसाचें प्रत्येक बाटलीला ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतें, आणि अशा एकाहून अधिक बाटल्या भरतात. "आधींच अशक्त माणूस, त्यांत इतकें रक्त कशाला काढतां?" असें घरचीं माणसें कळवळून विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, एवढ्या रक्तांत बुरशीच्या मोजक्याच पेशी असतात. रक्त थोडें घेतलें तर त्या बाटलींत येतच नाहींत. सर्व काळजी घेऊनहि शरीरांत खोल दडलेल्या कॅंडिडाच्या बाबतींत ही परीक्षा सुमारें निम्म्या रोग्यांतच होकार देते. म्हणून बाटली कोरी राहिली एवढ्यावरून निर्धास्त होतां येत नाहीं.

बाटलींत कॅंडिडा उगवल्यास तिची जात पाहावी लागते. सर्वांत परिचित जात ओळखण्याची एक जुनी व स्वस्त युक्ति आहे. माणसाच्या रक्तद्रवांत तिला दोन-तीन तास शरीराच्या उबेंत ठेवलें म्हणजे धान्याला मोड यावा तसा प्रत्येक पेशीला लांबट कोंब फुटतो. परंतु आतां एक नवी जात पुढें आली आहे. २००९ सालीं जपानांत एका रोग्याच्या कानांतून तिचें प्रथम वर्णन झालें, म्हणून कानाच्या लॅटिन नांवावरून तिला कॅंडिडा ऑरिस म्हणतात. ती खाटेवर, चादरींवर, उपकरणांवर दीर्घकाळ टिकते, एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि फ्लुकोनॅझोल या नेहमींच्या औषधाला बहुधा दाद देत नाहीं. साखरेच्या परीक्षांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांनीं तिला अनेक ठिकाणीं भलतेंच नांव दिलें. तिला अचूक ओळखणारें यंत्र बुरशीच्या कणावर लेसरचा झोत सोडतें, त्यांतील प्रथिनें उडवितें, आणि त्यांच्या वजनांचा आलेख काढून तो आपल्या संग्रहांतील आलेखांशीं ताडून पाहतें. यास कांहीं मिनिटें लागतात. मात्र ज्या जातीचा आलेख संग्रहांत नाहीं ती त्यालाहि ओळखतां येत नाहीं. म्हणून बुरशींचे जिवंत नमुने जपून ठेवणाऱ्या संस्थांचें महत्त्व मोठें आहे. आपल्या देशांत असा राष्ट्रीय संग्रह चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेंत आहे.

तिसरी पद्धत अशी कीं, बुरशी हातीं लागो न लागो, तिनें शरीरांत सांडलेलें द्रव्य शोधावयाचें. याचें सर्वांत यशस्वी उदाहरण क्रिप्टोकॉकस ही बुरशी होय. ती कबुतरांच्या विष्ठेंत व मातींत आढळते, श्वासावाटे फुप्फुसांत जाते, आणि प्रतिकारशक्ति खचली असल्यास मेंदूच्या आवरणांत उतरते. आठवड्यांमागून आठवडे डोकें दुखतें, बारीक ताप येतो. आपल्या देशांत असा रोगी दिसला कीं, मनांत प्रथम क्षय येतो, आणि तें स्वाभाविकहि आहे. पाठीच्या मणक्यांतून काढलेलें पाणीहि दोन्ही रोगांत पुष्कळसें सारखेंच दिसतें. तीन आठवडे क्षयाचीं औषधें घेऊनहि डोकेंदुखी वाढतच चाललेल्या एका तरुणाचें पाणी माझ्याकडे आलें होतें. त्याचा थेंब चित्रकाराच्या काळ्या शाईंत मिसळून पाहिला. काळ्या आकाशांत चंद्राला खळें पडावें तशा वाटोळ्या पेशी, आणि प्रत्येकीभोंवतीं स्वच्छ, रुंद वलय. तें वलय म्हणजे या बुरशीचें बुळबुळीत कवच. त्याच संध्याकाळीं औषध बदललें, आणि तो तरुण पुढें आपल्या पायांनीं घरीं गेला.

शाईची ही परीक्षा सुंदर आहे, पण पेशी थोड्या असल्यास ती हुकते. आतां त्या कवचांतील शर्करेचा शोध घेणारी कागदी पट्टी मिळते. पाण्याच्या किंवा रक्तद्रवाच्या थेंबांत ती उभी करावी; दहा मिनिटांत दोन रेघा उमटल्या तर रोग आहे. तिला वीज लागत नाहीं, मोठें यंत्र लागत नाहीं, आणि ती क्वचितच चुकते. एच. आय. व्ही. बाधितांपैकीं ज्यांची प्रतिकारशक्ति फार उतरली आहे, त्यांचें रक्त या पट्टीनें तपासल्यास डोकें दुखूं लागण्यापूर्वींच रोग पकडतां येतो व टाळतां येतो. तालुक्याच्या ठिकाणींहि सहज होईल अशी ही परीक्षा आहे.

याच तत्त्वावर ॲस्परजिलसच्या भिंतींतील गॅलॅक्टोमॅनन नांवाची शर्करा रक्तांत किंवा फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यांत शोधतात. दुसरी एक परीक्षा ग्लुकॅन या बऱ्याच बुरशींना समान असलेल्या द्रव्याची. तिचें मूळ एका सागरी प्राण्यांत आहे. घोड्याच्या नालासारख्या आकाराचा, ओरिसाच्या किनाऱ्यावरहि आढळणारा एक प्राचीन खेंकडा आहे. त्याच्या निळ्या रक्ताला बुरशीचें ग्लुकॅन लागलें कीं तें गोठतें. जखमेंतून आंत शिरणाऱ्या जंतूंना अडविण्याची ही त्या प्राण्याची युक्ति माणसानें आपल्या निदानासाठीं उचलली. पण या परीक्षांचे दोषहि सांगितले पाहिजेत. शस्त्रक्रियेंतील कापसाच्या पट्ट्यांनीं व रक्तशुद्धीच्या कांहीं पडद्यांनीं ग्लुकॅनची परीक्षा खोटाच होकार देते. आणि म्यूकर वर्गाच्या बाबतींत या दोन्ही परीक्षा मुक्या राहतात. २०२१ सालीं इतक्या रोग्यांमागें आम्हांला पुन्हां त्या जुन्या क्षाराकडे आणि सूक्ष्मदर्शकाकडेच वळावें लागलें, तें याचमुळें.

चौथी आणि सर्वांत नवी पद्धत बुरशीचें जनुकद्रव्य शोधण्याची. कोरोनाच्या दिवसांत पी. सी. आर. हें नांव घरोघर पोंचलें. तीच ही रीत. अत्यल्प द्रव्याच्या असंख्य प्रती काढून ती बुरशीचें नांव सांगते. मेणांत बसविलेल्या तुकड्यावरहि ती कधीं कधीं चालते. पण जी परीक्षा एका बीजाणूलाहि ओळखते, ती हवेंतून चुकून पडलेल्या बीजाणूलाहि ओळखते. म्हणून तिचें उत्तर इतर साक्षींशीं ताडून पाहणें येथेंहि सुटत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रथमच लक्ष देण्याजोग्या १९ रोगकारक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील अत्यंत निकडीच्या म्हणून गणलेल्या चार म्हणजे क्रिप्टोकॉकस, कॅंडिडा ऑरिस, ॲस्परजिलस आणि नेहमींची कॅंडिडा. आज आपण त्या चौघींची ओळख करून घेतली आहे.

हें सर्व ऐकून आपण विचाराल, "आम्हीं घरच्या माणसांनीं यांत काय करावें?" निदान करणें आपलें काम नव्हे, पण कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत. घरांतील मधुमेह्याची साखर ताब्यांत ठेवणें व स्टेरॉइड स्वतःच्या मनानें न घेणें, ही पहिली. रोगी पूर्वीं कोणतीं औषधें घेत होता, कोठें काम करीत होता, पायाला किंवा डोळ्याला काडी-कांटा लागला होता काय, हें न लपवितां डॉक्टरांस सांगणें, ही दुसरी. तिसरी अशी कीं, अंगांतून तुकडा काढावयाचा असेल तेव्हां नम्रपणें एक प्रश्न विचारावा: "डॉक्टरसाहेब, एक तुकडा फॉर्मॅलिनमध्यें आणि एक मिठाच्या पाण्यांत जाईल ना?" समंजस डॉक्टर या प्रश्नानें रागावणार नाहीं. नेण्याचें काम आपल्याकडे आलें, तर तो नमुना घरीं नेऊन शीतकपाटांत ठेवूं नये, कारण म्यूकरला थंडी मानवत नाहीं. तो तत्काळ प्रयोगशाळेंत पोंचता करावा. आणि चौथी गोष्ट, पहिलें उत्तर नकारार्थी आलें तरी रोग्याची प्रकृति सुधारत नसेल, तर पुन्हां परीक्षा करण्यास खळखळ करूं नये. 'सांपडली नाहीं' आणि 'नाहीं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

श्रोतेहो, प्रयोगशाळेंतील माणूस रोग्याला बहुधा पाहत नाहीं. त्याला दिसते ती एक बाटली, तिच्यावरची चिठ्ठी, आणि कांचपट्टीवरचा एक थेंब. त्या चिठ्ठीवर वय, रोग्याची अवस्था आणि डॉक्टरांची शंका एवढ्या तीन ओळी जरी लिहिलेल्या असल्या, तरी त्याच्या डोळ्यांना दिशा मिळते. कोरी चिठ्ठी आली म्हणजे तो अंधारांत चांचपडतो. त्या बाईंच्या दुसऱ्या बाटलीवर कोणीतरी घाईघाईनें लिहिलें होतें: "बुरशीची शंका आहे, तुकडा ताजा आहे, लवकर पाहावा." तो कागद मीं अद्याप जपून ठेवला आहे. आमच्याकडे नवीन शिकावयास येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकावर बसविण्यापूर्वीं मी तो वाचावयास देतों.